सालीचा भुगा, चिखल आणि आवळे

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा डोंगरांना नावे होती, ओढ्यांना नावे होती. माणसे मात्र एकमेकांना नात्यानेच हाक मारत आणि तेवढ्यावर सगळ्यांचे भागत असे.

त्या काळी एका राज्याच्या टोकाला, जिथे गाडीवाट संपून पायवाट लागे, तिथे तीस उंबऱ्यांचा एक पाडा होता. त्या पाड्यातली एक मुलगी सात वर्षे दूर समुद्राकाठच्या विद्यापीठात शिकली आणि घरी परत निघाली.

चालताना तिने मनाशी एक चित्र रंगवले होते. वेशीवरच्या बेहड्याखाली माणसे जमली असतील. शिकारी बाप धनुष्याला टेकून उभा असेल. तो काही बोलणार नाही, नुसता हसेल. मग सगळे विचारतील, "सांग पोरी, काय काय शिकलीस?" आणि ती सांगेल. सात वर्षे साठवलेले सगळे सांगेल.

वेशीवर कोणीच नव्हते. एक कुत्रे होते, तेही तिच्यावर भुंकले.

बाप मागच्याच थंडीत गेला होता. निरोप घेऊन निघालेला माणूस वाटेत कुठेतरी रमला, आणि निरोप त्याच्यापाशीच राहिला. घरात बापाची थोरली बहीण, म्हणजे तिची आत्या, नाचणी पाखडत बसली होती. आत्याने तिच्या पायांवर पाणी घातले, भाकरतुकडा ओवाळून टाकला, "वाळलीस गं" एवढे म्हणाली आणि पुन्हा सुपाकडे वळली.

शेजारचे येऊन गेले. त्यांनी काय शिकलीस हे विचारले नाही. जो आला त्याने एकच विचारले, "किती दिवस राहणार?"

हा प्रश्न पाहुण्याला विचारतात. घरच्या माणसाला विचारत नाहीत.

आता त्या पाड्याची एक रीत सांगायला हवी. पाड्याचे धनुष्य एकच होते आणि ते एका घराकडे असे. नाचणी घरात आली, की कार्तिकी पौर्णिमेपासून मार्गशीर्षातल्या अमावास्येपर्यंत त्या घराने सांबराचे दोन नर आणायचे. मादीवर बाण टाकायचा नाही. मांस तीसही उंबऱ्यांवर वाटायचे, चुलीवरच्या धुरात वाळवायचे आणि त्यावर थंडी काढायची. ज्या घराला दोन नर जमले नाहीत, त्या घरातून धनुष्य दुसऱ्या घरी जायचे. यात भांडण नसे, रागही नसे. पाऊस सरकतो तसे धनुष्य सरकायचे.

मुलीच्या घराकडे ते सत्तावीस वर्षे होते.

"बाप गेला, भाऊ नाही," कारभारी म्हणाला. "यंदा धनुष्य खालच्या आळीला द्यावं म्हणतो."

"मी आहे ना," मुलगी म्हणाली. "बापानंच मला बाण धरायला शिकवलंय. आणि सांबराची सगळी विद्या मी शिकून आलेय."

खालच्या आळीचा तिरंदाज मोठ्याने हसला. "बाई सांबराला बाण मारणार, का श्लोक म्हणून दाखवणार?"

"श्लोक तुम्हाला ऐकवीन, मामा. बाण सांबरासाठी ठेवते."

सगळे हसले, तिरंदाजही हसला. कारभाऱ्याने थोडा विचार केला. "बरं. मार्गशीर्षातल्या अमावास्येपर्यंत. दोन नर. नाहीतर ठरल्याप्रमाणे."

मुलीने धनुष्य उराशी धरले. बापाची मूठ जिथे बसत असे, तिथे लाकूड गुळगुळीत झाले होते. बापाचे एवढेच तिच्याकडे उरले होते. हे गेले, तर ती या पाड्याची खरोखरच पाहुणी होणार होती.

दुसऱ्या दिवशी ती रानात गेली. सागाच्या आणि ऐनाच्या खोडांवरची साल ठिकठिकाणी सोललेली होती. नर सांबरे शिंगे घासत होती, एकेकटी फिरत होती, एकमेकांचा माग काढत होती. विद्यापीठातल्या पोथीत लिहिले होते तसेच! नरांना जोडीचा माज चढू लागला होता. घरी येऊन तिने खुंटीवरची गळलेल्या शिंगांची जोडी काढली. बाप ती वापरत असे, हे तिला आठवत होते. सोललेल्या खोडांजवळ आडोशाला बसून तिने ती शिंगे एकमेकांवर आपटली, घासली, पुन्हा आपटली. दोन नर झुंजत असावेत, असा आवाज रानभर गेला.

तिसऱ्या दिवशी एक नर झाडी मोडत धावून आला. आपल्या हद्दीत कोण झुंजते आहे, हे त्याला बघायचे होते. तिने एकच बाण सोडला. दुसरा सोडावा लागला नाही.

त्या संध्याकाळी पाड्यात तीस चुली एकदम पेटल्या. कारभाऱ्याने स्वतः येऊन धनुष्याला हळद लावली. मुलीला वाटले, आता माणसे विचारतील. माणसे जेवली आणि आपापल्या घरी गेली. मग तिने न विचारताच सांगायला सुरुवात केली. पाणवठ्यावर सांगितले, खळ्यावर सांगितले. एक म्हातारा ऐकता ऐकता झोपला, तरी ती सांगत राहिली. तेवढ्यानेही समाधान होईना, तेव्हा तिने छिन्नी घेतली आणि पाणवठ्याच्या सपाट दगडावर मोठ्या अक्षरांत कोरले : शिंगे वाजवा, नर येतो.

"काय लिहिलंयस?" तिरंदाजाने विचारले. तिने वाचून दाखवले.

"एवढंच? हे तर माझ्या आजालाही ठाऊक होतं."

"ठाऊक असणं वेगळं, मामा. लिहिलेलं टिकतं."

"दगड टिकेल," तिरंदाज म्हणाला. "सांबर टिकलं तर बरं."

घरी आत्या धुणे धूत होती. मुलीचे लुगडे झटकून ती म्हणाली, "सालीचा भुगा लागलाय. बरंय, बरंय." काय बरे आहे, हे मुलीने विचारले नाही. तिच्या डोक्यात दुसरा नर होता.

पंधराएक दिवस गेले. एका सकाळी ती शिंगे घेऊन निघाली, तेव्हा आत्या दारात उभी होती.

"आज शिंगं नको नेऊस."

"का?"

"तुझा बाप या दिवसांत नेत नसे."

"पण का नेत नसे, आत्या?"

"ते मला काय ठाऊक? नेत नसे, एवढं खरं."

मुलगी हसली. जिथे ती शिकली होती, तिथे कारण दिल्याशिवाय कोणाचे एक वाक्यही कोणी मानत नसे. तिने आत्याच्या हातातले भाकरीचे गाठोडे घेतले आणि शिंगे खांद्यावर टाकून ती निघाली.

त्या दिवशी कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तिला वाटले, आवाज कमी पडतो आहे. तिने जोर लावला. समोरच्या डोंगरावरून तिचाच आवाज तिच्याकडे परत येई. ती थांबली की रान इतके गप्प होई, की तिला आपल्या श्वासाचाही आधार वाटे.

आडोशाला बसून ती दिवस काढी. विद्यापीठात तिला सगळे डोंगरातली म्हणत. इथे तिला सगळे समुद्राकडची म्हणत होते. एकदा तिने स्वतःचेच नाते स्वतःला सांगून पाहिले, "मी शिकाऱ्याची लेक. मी आत्याची भाची." ऐकायला एक खंड्या होता. तोही उडाला.

पाड्यात तिची चेष्टा होऊ लागली. लाकडे आणायला गेलेल्या बायका परत येताना विचारत, "काय गं, आज कुणाची वरात?" दुसरी म्हणे, "वरात कसली, नवरा कुठंय? नुसतंच वाजतंय." त्या वाईट नव्हत्या. मुलगी थट्टेला थट्टेने उत्तर देईल, म्हणून क्षणभर थांबतही होत्या. पण ती त्यांना माजाची लक्षणे समजावू लागे, आणि बायका मोळ्या उचलून चालू लागत.

मग एक दिवस त्यांच्यातलीच एक जण चेष्टा न करता म्हणाली, "ओढ्याच्या वळणावर रोज माद्या दिसायच्या. तुझ्या आवाजानं त्या खिंड ओलांडून गेल्या बघ. नरही गेला असेल मागनं."

मुलीला ते ऐकू आले. पण पटले नाही. दगडावर कोरलेले खोटे कसे ठरेल? पहिला नर आलाच होता की.

अमावास्येला चार दिवस उरले. त्या दुपारी तिने शिंगे इतक्या जोराने आपटली, की एकाचे टोक तुटून पडले. आणि तेवढ्यात, माळापलीकडे, झाडीतून एक नर बाहेर आला.

केवढी शिंगे होती त्याची! पण मानेवर जखमा होत्या, एक फाटा मोडला होता आणि बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या. महिनाभर तो झुंजला होता, माद्यांमागे हिंडला होता, पोटभर खाल्ले नव्हते. आता माद्या गेल्या होत्या. झुंजणारेही गेले होते. त्या एवढ्या माळावर तो एकटाच होता.

तिने पुन्हा शिंगे वाजवली. त्याने मान वर केली. ऐकले. मग दमलेला माणूस भांडणाचा आवाज ऐकून दार लावून घेतो, तसा तो वळला आणि चालू लागला. पळालाही नाही. पळण्याइतके बळ त्याच्यात नव्हते.

बाणाच्या टप्प्यात तो नव्हता. ती लांबून त्याच्या मागे गेली. उतारावर आवळ्याची झाडे होती. पिकलेले आवळे खाली पडले होते. तो खाली मान घालून एकेक आवळा खात होता. खाता खाता तिथेच बसला. बसूनही खात राहिला.

ऊन उतरले होते, मधे झाडे होती. नेम चुकला असता. पण हा नर इथून हलणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होते. उद्या सकाळी यायचे. एक बाण. दुसरा नर. धनुष्य घरातच राहणार. परत निघताना, का कोण जाणे, तिने खाली पडलेले मूठभर आवळे पदरात घेतले.

दिवेलागणीला ती घरी आली आणि बसताना पदर सुटला. आवळे जमिनीवर घरंगळले. एक चुलीपाशी जाऊन थांबला.

आत्याने तो उचलला. बराच वेळ हातात धरून ठेवला.

"आवळे आले," ती म्हणाली. "म्हणजे सरले दिवस."

"कसले दिवस?"

आल्यापासून मुलीने खरोखर उत्तर ऐकण्यासाठी विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. आत्यालाही ते जाणवले असावे. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले आणि ती नीट बसली.

"सत्तावीस वर्षं मी तुझ्या बापाचे पंचे धुतले. रानात काय चालतं, मला ठाऊक नाही. मी कधी गेले नाही. पण रानातून काय येतं, ते माझ्या हातून गेलंय. पहिले पंधरा दिवस त्याच्या पंच्याला सालीचा भुगा असायचा. तेव्हा तो शिंगं घेऊन जायचा, आणि एक सांबर यायचं. मग एक दिवस शिंगं खुंटीला लागायची. त्यानंतर पंचा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, कधी कधी ओलाच. ओढ्यात कुठंतरी उभा राहत असणार दिवसभर, माद्या पाण्यावर येतात तिथं. बोलायचा नाही, खोकायचा नाही. घरी आला तरी हळू बोलायचा. त्याच दिवसांत दुसरं सांबर यायचं."

"आणि मग?"

"मग आवळे. ओंजळभर आणायचा माझ्यासाठी. शेवटच्या दिवसांत दर वर्षी."

"आवळ्यांबरोबर सांबर?"

"नाही. एकदाही नाही. एका वर्षी दुसरा नर मिळता मिळेना, अमावास्या तोंडावर आलेली. मी म्हटलं, अरे, तू नुसते आवळे घेऊन काय येतोस? सांबर दिसत नाही का? तर म्हणाला, दिसतं गं. पण आता ते स्वतःलाच पुरत नाही, आपल्याला काय पुरणार?"

"मग त्या वर्षी धनुष्य गेलं असतं!"

"गेलंच असतं. त्यानं आधी जाऊन कारभाऱ्याला सांगितलं. तेव्हाचा कारभारी वेगळा होता, त्यानं धनुष्य ठेवून घेतलं नाही, इतकंच."

 पोथीतली एक ओळ मुलीला आठवली : माज चढतो, माज ठरतो, माज उतरतो. ही ओळ तिने शंभरदा म्हटली होती. परीक्षेत तिच्यावर चार पाने लिहिली होती. ती तिला पाठ होती, पण कळली नव्हती. चढत्या माजातला नर आवाजाकडे धावतो. ठरलेल्या माजातला नर मादीला सोडून हलत नाही. तिथे मादीची वाट ओळखून गप्प उभे राहावे लागते. उतरलेल्या माजातल्या नराला फक्त आवळे हवे असतात. आणि ती मात्र दीड महिना एकच आवाज काढत राहिली होती.

"आत्या, तू मला हे आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. शिंगं नको नेऊस म्हटलं. तू विचारलंस, का? का ते त्याला ठाऊक होतं, पोरी. मला फक्त कधी ते ठाऊक होतं." आत्याने आवळा तिच्या हातावर ठेवला. "आल्यापासून तू वाजवतेच आहेस. दमली असशील. खा."

मुलीने आवळा खाल्ला. मग पाणी प्यायली. पाणी गोड लागले, आणि तेवढ्यानेच तिचे डोळे भरून आले.

सकाळी ती धनुष्य घेऊन निघाली. शिंगे खुंटीवरच राहिली. पाणवठ्यापाशी वाटेला दोन फाटे फुटत. डावा फाटा आवळ्यांच्या उताराकडे जाई. तिथे तो बसलेला असणार, हे तिला ठाऊक होते. नियमात दोन नर एवढेच होते. जाडे की रोड, हे नियमात नव्हते. एका बाणात सगळे साधले असते, आणि कोणी तिला बोल लावला नसता.

ती थोडा वेळ तिथे उभी राहिली. मग तिने कमरेची छिन्नी काढली. आपणच कोरलेल्या ओळीखाली तिने एक छोटी ओळ कोरली : केव्हा, ते आत्याला विचारा. आणि ती उजव्या फाट्याने कारभाऱ्याच्या घराकडे गेली. तिरंदाज तिथेच अंगणात तंबाखू मळत बसला होता.

तिने धनुष्य ओटीवर ठेवले.

"अजून तीन दिवस आहेत," कारभारी म्हणाला.

"दिवस आहेत, काका. वेळ गेली. मधले दिवस मी वाजवण्यात घालवले, माद्या खिंडीपलीकडे गेल्या. चूक माझी."

"म्हणजे यंदा तीस घरांना एकाच सांबरावर थंडी काढायची."

"हो. कंद काढायला मी सगळ्यांबरोबर येईन."

तिरंदाजाने धनुष्य हातात घेऊन पाहिले. "आणि काल मला उतारावर एक नर दिसला तो?"

"आवळ्यांत बसलाय. बरगड्या माळावरून मोजता येतात."

"हं." तिरंदाजाने तंबाखू तोंडात टाकली. "तेवढ्या हाडांसाठी कोण चढतंय. खाऊ दे त्याला आवळे." मग तो थोडा घुटमळला. "पुढच्या वर्षी... म्हणजे शिंगं खुंटीला कधी लावायची, ते पोथीत असेल ना?"

"पोथीत नाही, मामा. धुण्यात आहे. तुमच्या घरी धुणं कोण धुतं?"

"बायको."

"मग तिला आत्याकडे पाठवा. मीही बसेन शिकायला."

कारभारी हसला. त्याने तिला बसायला पाट सरकवला, आणि पाड्यातल्या सगळ्यांनी विचारलेला तोच प्रश्न विचारला. पण या वेळी आवाज वेगळा होता.

"किती दिवस राहणार, पोरी?"

मुलीने रात्रभर याचाच विचार केला होता.

"पुढचा माज चढेपर्यंत," ती म्हणाली. "मग तो ठरेपर्यंत. मग उतरेपर्यंत. आणि मग पुन्हा."

तेव्हा मुलांनो आणि थोरांनो, ध्यानात ठेवा : हाक कितीही खरी असली, तरी ज्याला ती मारायची त्याचा ऋतू आधी ओळखावा.